एकेचाळीस गुण

मनगटावरचं घड्याळ सकाळी निकाल देतं:
झोप तीन तास बावन्न मिनिटं. गुण एकेचाळीस.
खाली बारीक अक्षरात, सुधारणेस वाव आहे.

आमच्या वेळी पस्तीसला पास करायचे,
मी त्याला सांगते, दात घासता घासता.

तर रात्र. पाथर्डी फाटा, तिसरा मजला.
दोन वाजून दहा मिनिटांनी अंगात भट्टी पेटते,
पोटातून गळ्याकडे, गळ्यातून कानांच्या पाळ्यांपर्यंत.
डिसेंबर आहे. निफाडला पारा सहावर आलाय,
द्राक्षवाले बागेत शेकोट्या करून जागे असतील,
आणि मी पांघरूण लाथाडून
उघडे तळपाय फरशीवर टेकवते.
गार.
किती बरं वाटतं ते कुणाला सांगायचं?

शेजारी दिगंबर. त्याची झोप सरकारी नोकरीत आहे,
वेळेवर येते, वेळेवर जाते, पेन्शनही मिळेल तिला.
माझी कंत्राटी.

उशाशी फोन, पालथा घातलेला,
तरी कडेने उजेड गळतोच.
कारखान्याच्या ग्रुपवर साहेबांचं, रात्री पावणेबाराला,
‘सकाळी फक्त एकदा बघून घ्या’.
त्या ‘फक्त’ला किती दात असतात.
सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचं भांडण.
मृण्मयी डब्लिनला, तिथे आता पावणेनऊ,
नावाखाली ‘ऑनलाइन’.
मी काही लिहीत नाही.
लिहिलं तर विचारेल, आई, तू अजून जागी?
आणि माझं जागेपण
तिच्या रात्रीत जाऊन बसेल, चप्पल न काढता.

तळपायांना तूप, काशाची वाटी, झालं.
जायफळ घातलेलं दूध, झालं.
शंभरपासून उलटे आकडे मोजले;
एकोणसत्तरला आठवलं,
त्या वॉल्व्हच्या बॅचमधले एकोणसत्तरच नग परत आले होते
आणि शेऱ्याखाली सही माझी होती.

डोळ्याला डोळा लागत नाही म्हणतात.
लहानपणी वाटायचं, हा दुसरा डोळा कुणाचा?
आता वाटतं, या काचेचा असावा.
तो मिटला की माझा मिटेल.

म्हणून परवा मी फोन तांदळाच्या डब्यात पुरला.
भिजलेला फोन पुरतात ना, ओल शोषून घ्यायला, तसा.
वर घड्याळही. पाच किलो इंद्रायणी, घट्ट झाकण.
पडून राहिले.
मध्येच स्वयंपाकघरातून एक घुर्रर्र,
जणू सगळे टोके एकदम जागे झाले.
उठले नाही.
म्हणजे उठले, ओट्यापर्यंत गेले,
झाकणावर हात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि गॅलरीत आले.

हायवेवर कांद्याचे ट्रक मुंबईकडे, चढाला गिअर बदलत.
पांडवलेण्यांचा डोंगर काळोखात आणखी काळा,
दोन हजार वर्षं तोंड उघडं ठेवून बसलेला,
तोही झोपलेला दिसला नाही.
खाली गेटपाशी सोनवणे खोकी जाळत होते.
वर बघून म्हणाले, काय मॅडम, लाइट गेली का?
नाही, म्हटलं, झोप गेली.
ते हसले. माझी येऊ बघतेय, म्हणाले,
येऊ दिली तर नोकरी जाईल.
तुम्हाला पाठवता आली असती तर बरं.

मग पुढे काही बोललो नाही.
धूर वर आला, पुठ्ठ्याचा, जरासा गोड.
अंगातली भट्टी विझत गेली
की तिकडे खाली पेटत राहिली, नक्की सांगता येत नाही.
शाल घ्यायला आत गेले
आणि सोफ्यावर टेकले, एवढंच आठवतं.

किती झोपले, गुण किती, माहीत नाही.
सकाळी डब्यात अलार्म वाजला तेव्हा
दिगंबर ओट्याशी उभा होता म्हणे,
तांदळात कोपरापर्यंत हात घालून,
हाका मारत, काय गं, हे काय, कुठेयस?

मला ऐकू यायला जरा वेळ लागला.