खोडं मोफत

सावद्याच्या सोसायटीतला भावफलक
सोमवारपासून तिरका झाला होता.
रावेरचा भाव फैजपूरच्या खाली,
फैजपूरचा न्हावीच्या अंगावर,
आणि न्हावी सरळ भिंतीबाहेर.
गुमास्ते झोपे फोनवर म्हणाले,
"ताई, तुमचा बोर्ड पिऊन आला वाटतं."

मी बसते कृषी केंद्राच्या माडीवर,
खाली खताच्या गोण्या, वर माझा लॅपटॉप,
दोन्हींचा वास आता सारखाच येतो मला.

नऊशे चाळीस ओळी.
जळगावच्या कुठल्याशा पोरानं लिहून दिलेला साचा,
तो आता पुण्याला, फोन उचलत नाही.
त्याच्या मांडणीवर माझी ठिगळं:
एक दिवाळीतलं, एक मार्चमधलं,
एक कधी लावलं ते माझं मलाच आठवत नाही.

ओळ काढून बघायची. परत ठेवायची.
पुढची काढायची.
तांदळात निदान खडा दिसतो;
इथं शोधायचं ते नसलेलं,
कुठंतरी उघडून मिटायचं राहिलेलं.

साडेदहाला वीज गेली. बॅटरी एकवीस टक्के.
खिडकीत सातपुडा, त्याच्या कमरेला
वणव्याची एक नारिंगी रेघ.
ओळ सहाशे तेराला सापडला. एक कंस.
"आवक" लिहिताना उघडलेला,
आणि त्यानंतरचं सगळं त्याच्या पोटात गेलेलं:
भाव, तारीख, ट्रकचे नंबर,
उद्याचं हवामान, कुणाच्या गंधमुक्तीची सूचनासुद्धा.
मिटवला.
फलक उभा राहिला
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

मग दुसरं दुखणं.
फलकाखाली एक नंबर आहे:
सांगायचं ते पाठवा, खालच्या पट्टीत फिरेल.
आधी यायचं,
"उद्या चिनावलला टेम्पो रिकामा जातोय."
"लाल गाय सापडली, डाव्या शिंगाला भेग."
मग ते आले. रात्री दोनला, चाळीस-चाळीस:
पाच मिनिटांत कर्ज, घरबसल्या लाख,
केस परत उगवा, प्रिय ग्राहक, आपण जिंकलात.
एकदा भर सकाळी, माणसं भाव बघत उभी असताना,
पट्टीवर फिरलं, "एकटे आहात? बोला आमच्याशी."
भिरूड काका म्हणाले,
"बोलू द्या ना. व्यापारी तरी कुठी बोलतो आपल्याशी."

म्हणून मी चाळण केली. पाच शब्दांची:
कर्ज, बक्षीस, जिंकलात, केस, मोफत.
यातला एकही असला की संदेश बाहेर.
पट्टी इतकी स्वच्छ झाली
की मी झोपेंना मुद्दाम दाखवायला गेले.

आज जागीच आहे तर, म्हटलं,
चाळणीवरचा कोंडा बघावा.
तीन हजार एकशे अठरा.
अंगठा दुखेपर्यंत लाखांवर लाख,
आणि मध्येच एक नंबर, रोज पहाटे सहाला:

"खोडं मोफत. ढोरांसाठी. या अन् घेऊन जा. नामदार तडवी, पाल रस्ता."
"केळीचे खोडं मोफत. अजून हायेत."
"खालचे सडले. वरचे चांगले हायेत. मोफत."
"बोर्ड बंद हाये का? मोफतच देऊ राहिलो."

अकराव्या दिवशी फक्त:
"मोफतचं कुनी आलं नाही. रोटर मारला."

चाळणीतून एक शब्द काढायला
एक सेकंदसुद्धा लागत नाही.
फोन करायला मी सहा वाजेपर्यंत थांबले.
"कोन?"
"बोर्डवाली. सावद्याहून."
तिकडं म्हैस ओरडली, बादली सरकली.
मी कंसाचं, चाळणीचं, शब्दांचं
सगळं सांगायला सुरुवात केली.
ऐकून घेतलं त्यांनी.
मग म्हणाले, "बरं. मंग आज भाव काय निघाला?"

मी वाचून दाखवला, सरळ उभ्या रांगेतून,
रावेर, फैजपूर, न्हावी.
वाचत असतानाच खालच्या पट्टीतून
दिवसाचा पहिला संदेश फिरून गेला:
वजन घटवा, पहिला महिना मोफत.