नाव घालणं

देवगडच्या बाजारपेठेत, बंदराकडे उतरताना
डाव्या हाताला आमचं दुकान. भांड्यांचं.
लग्नसराईत ह्यांच्या मशीनचा आवाज
समोरच्या पोस्टापर्यंत जायचा.
स्टीलवर सुई, गुर्रर्र,
पोस्टमास्तर म्हणायचे, दात शिवशिवतात हो.
नाव, तारीख, खाली कोणाकडून ते.

माणूस हाताचा घट्ट.
घरातल्या चमच्यांवरसुद्धा उ. कासार.
छत्रीच्या दांड्यावर, पानाच्या डब्यावर,
आडाळीच्या पात्यावर.
एकदा मी म्हटलं, आता माझ्या कपाळावर घाला,
तर चष्मा वर करून खरंच जागा बघायला लागले.

शेजारी तोप गेला तरी वहीत लिहायचे.
'नाव असलं की भांडं वाट चुकत नाही.'
आणि यायचं ते रिकामं नाही यायचं.
मालणकाकी त्यात चार बांगडे घालून पाठवायची,
साफ केलेले, वर मीठ.

वैशाखातल्या दुपारी, एका कळशीवर
'चि. सौ. कां. तेजस्वि' इथवर आले
आणि सुई सरळ रेघ ओढत
काठापर्यंत गेली.

फोंडा घाट चढून कोल्हापूर.
तीन दिवस छाती वरखाली होत होती, तळवे गरम,
आणि डॉक्टर सांगत होते, ते गेलेत.
आधी मृदुलाला कळलं. मग मला.
मग एक बाई आली, खुर्ची ओढून जवळ बसली,
हळू बोलली. कागद होता.
मी विचारलं, कुणाला काय गेलं
ते लिहून मिळेल?
म्हणाली, नावं सांगत नाही आम्ही.
त्यांनाही नाही, तुम्हालाही नाही.
तेव्हा मी हसले असेन,
कारण मुलीने माझा दंड घट्ट धरला.

चमचा वहीत लिहिणारा माणूस.
आणि हे सगळं बिननावाचं.

मृदुलाने विचारलं, बाबांचा नंबर
जाईल का डोळ्यांबरोबर?
नाही जात, म्हणाले.
चष्मा आमच्याकडेच राहिला.

'अर्धोच माणूस जाळलात गो तुमी,' नणंद म्हणाली.
दहाव्याला खाडीकाठी सगळे कावळ्याकडे बघत उभे.
तो आला, लगेच शिवला, उडून गेला.
नणंद म्हणाली, 'भुकेलो आसतलो.'

पुढे हॉस्पिटलाचं प्रशस्तिपत्र आलं.
त्यात उल्हासचं उल्लास झालं होतं.
एका अक्षरासाठी गिऱ्हाईकाला नवी परात देणारा माणूस.
मी फ्रेम केली नाही. फाडलीही नाही.
गल्ल्याखाली आहे.

एकदाच फोन आला, चौघंही बरे आहेत.
मी कुणाच्या डोळ्यांत शोधत वगैरे नाही.
फक्त संध्याकाळी, बंदरावर लिलावाचा गलका चढतो
आणि मी पाणी प्यायला उठते, तेव्हा वाटतं,
मोजून घोटभर पिणारं कोणी
आता तांब्याभर पीत असेल
भर उन्हातून येऊन, एका दमात.
तांब्यावर कुणाचं का नाव असेना.

तेजस्विनी कळशी न्यायला आली, लग्नाच्या आदल्या दिवशी.
मी म्हटलं, थांब, दुसरी देते.
तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं.
'हीच द्या, मावशी.'
पैसे द्यायला लागली. ह्यांनी घेतले असते.
मीही घेतले.

आता मशीन मी चालवते.
माझा 'क्ष' अजून 'श'सारखाच येतो,
लोक चालवून घेतात.
परवा तारामुंबरीचा एक तांडेल आला,
भाचीसाठी पिंप घेतलं, मोठं.
तिचं नाव घातलं, तारीख घातली.
विचारलं, खाली कोणाकडून घालू?
म्हणाला, 'नको. तिका म्हायत आसा.'
आणि नसतं तरी काय, असं काहीतरी पुटपुटत
पिंप खांद्यावर घेऊन उतारावरून गेला.

मी बटण बंद केलं.
मनगटात ते थोडा वेळ
चालूच होतं.