बेट

फेरीबोटीतून गाडी उतरवताना आठवलं,
करवत घरीच राहिली.
आईला फोन केला. म्हणाली, पावाची सुरी आहे, कुऱ्हाड आहे,
शिवाय उर्मासकडे काय नसतं?

उर्मास म्हणजे शेजारी. त्याची तेलाची टाकी दिसू नये
म्हणून बाबांनी सतरा वर्षांपूर्वी
कुंपणाशी हे गवत लावलं,
दह्याच्या डब्यातून आणलेल्या तीन काड्या.
टाकी काढून नेली त्यालाही सात वर्षं झाली.
गवत उभंच आहे,
काहीही न लपवता.

एप्रिलचा दुसरा आठवडा. सारेमाची जमीन
वरून लोणी, आत दगड.
गेल्या सालची वाळकी पाती छातीला लागतात,
तुऱ्यांतलं निम्मं बी पाखरांनी नेलेलं, निम्मं वाऱ्यानं.
आई सुतळी घेऊन भोवती फिरते, करकचून गाठ मारते,
शाळेच्या बसचा हॉर्न वाजल्यावर माझी वेणी आवळायची
तसाच हिसका, तसंच "हलू नकोस."
मी बुडातून कापते.
अख्खी पेंढी आडवी होते
आणि पलीकडे खिडकीत उर्मास, कॉफी पिताना.
हात वर करतो.
त्याच्या स्वयंपाकघराला पिवळे पडदे आहेत
हे आम्हाला आज कळलं.

खाली उरतं ते खरं काम.
कडेनं बोटभर हिरवे कोंब, गोल, बांगडीसारखे
आणि मधे काही नाही.
राखाडी, ठिसूळ, चिमटीत चुरतं.
"मधलं मरतंच," आई म्हणते. "जुनं तेच मधे असतं ना.
जगायचं ते कडेकडेनं सरकत जातं."
आणि लगेच, "मी गवताबद्दल बोलतेय हं."
बेट सोडून मी तालिन्नला गेले त्याला बावीस वर्षं झाली.
मला लागलं नव्हतं.
आता लागलं.

फावड्यावर दोन्ही पायांनी उभी राहून उड्या मारते.
फावडं हसतसुद्धा नाही.
मुळांची वीण अशी, की जुना स्वेटर उसवायला बसावं
आणि टोकच सापडू नये.
उर्मास न बोलावता येतो, करवत गंजलेली.
तो कापतो, मी ओढते.
पहिली फोड सुटते तेव्हा
कापड फाटल्यासारखा आवाज येतो.
बादलीत टाकते. दुसरी. तिसरी.
आई वाटण्या करते:
ही वाचनालयातल्या लेम्बीला, लहानच दे,
तिनं भोपळ्याचं बी परत केलं नाही.
ही दातांच्या दवाखान्यातल्या मुलीला, तिचा हात हलका आहे.
ही तुला, बाल्कनीत.
बाल्कनी उत्तरेला आहे, मी म्हणते.
"मग वाकेल उजेडाकडे. तेवढं त्याला कळतं."

चौथ्या फोडीला उर्मासचा हात थांबला.
मेलेल्या मधल्या भागात, पात्यांच्या गोळ्यात
कुणीतरी श्वास घेत होतं.
हेजहॉग. दोन मुठींएवढा, काटे मिटून,
एक श्वास, मग इतका वेळ काहीच नाही
की आम्ही तिघांनी आपापला धरून ठेवला.
मग झाकलं त्याला. कापलेली पेंढी वर रचली.
उर्मासनं करवत पँटला पुसली.
अर्धं बेट तसंच राहिलं, चंद्रकोरीसारखं.
आई म्हणाली, "एंडेल दरवर्षी म्हणायचा, मधलं काढू या.
मी म्हणायचे, पुढच्या वर्षी."
त्यानंतर आम्ही पिवळ्या पडद्यांच्या घरात
कॉफी प्यायलो. साखर संपली होती.

परतताना बादलीला सीटबेल्ट लावला.
तरी निम्मं पाणी माझ्या बुटात.

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "गेला."
कोण?
"अगं तो. रात्रीतून. बशीतलं पाणी पिऊन."
मग उरलेलं कधी काढायचं, मी विचारलं. करवत आणते.
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
"पुढच्या वर्षी," ती म्हणाली.