पासष्ट वर्षांनी गोवर

फेरो बेटं, १८४६

जहाजातून एक सुतार उतरला
अंगात कणकण घेऊन,
आणि महिन्याभरात अख्खं गाव अंथरुणाला खिळलं.
होड्या किनाऱ्यावर उपड्या. मेंढ्या कातरायच्या राहिल्या.

सुन्नेवा तेवढी हिंडते घरोघर,
एकाहत्तरीची, दुधाची किटली घेऊन.
फणफणलेल्या पोरांच्या उशाशी बसते,
त्यांचा खोकला अंगावर घेते.
'मला म्हातारीला कोण विचारतंय!'

विचारून गेला की.
कालच, घशापाशी.
हाडांच्या पोकळीत कुणीतरी
सहा वर्षांच्या मुलीचा ताप
जपून ठेवला होता;
त्यानं चेहरा ओळखला,
दार लावून घेतलं.
तिला कळलंही नाही.

आईचा चेहरा मात्र
आठवत नाही तिला.
कपाळावरची ओली लोकर आठवते.