शीतसाखळी

घाटंजीच्या गुरांच्या दवाखान्यात
बाप पट्टीबंधक होता.
कागदावर तेवढंच. पोडावर, तांड्यावर मात्र
त्याला डोमा डाक्तर म्हणायचे
आणि तो ते दुरुस्त करायचा नाही.

सायकलच्या हॅन्डलला लाल थर्मास,
थर्मासात बर्फ, बर्फात खुरकुताची लस.
बर्फ आरामशिनीमागच्या कुल्फीवाल्याकडचा,
भुशात पुरून ठेवलेला.
मे महिन्यात तो तराजूत तोलून द्यायचा,
वर एक चिप्पीही नाही.

मी नऊ वर्षांची, मागे कॅरिअरवर.
माझं काम वहीत रेघा मारायचं :
एक सुई, एक रेघ.
लेतू नायकाच्या पोडाच्या चढावर चेन पडली.
बाप मोहाखाली पालथा बसून ती बसवत होता.
मी झाकण फिरवलं.
एक खडा जिभेवर. मग दुसरा.
मग मोजणं सोडून दिलं.

पोळ्याच्या आधी आयतू टेकामाची तीन वासरं गेली.
उभी होती, पडली.
टोचलेली होती. माझ्याच अक्षरातल्या रेघा.

पुढचं सगळं बायोडेटात आहे.
अमरावती, बी.एस्सी., मावशीच्या गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत.
नागपूर, एम.एस्सी. तिथल्या ग्रंथालयात
एका जाड पुस्तकात वाचलं,
खुरकुतानं गेलेल्या वासराचं काळीज कापलं
तर आत पट्टे दिसतात,
वाघाचे.
त्या दिवशी मेसची वेळ टळली.

पुणे, पीएच.डी., सहा वर्षं,
उंदीर किती ते परिशिष्टात.
विषय स्मृतिपेशी :
येऊन गेलेल्या विषाणूला रक्त कसं ओळखतं,
किती दिवस ओळखतं,
आणि कधी विसरून जातं.
तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं,
हाच विषय का?
सर, फेलोशिप याच विषयाला होती.
सगळे हसले. खोटं नव्हतं ते.

तीन वासरांवरून निष्कर्ष निघत नाही.
न टोचलेला गट नव्हता. तापमान कुणी टिपलं नव्हतं.
विषाणूच वेगळ्या प्रकारचा असू शकतो,
लस उतरवली तेव्हाच बिघडलेली असू शकते.
हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते.
पण मध्यरात्री, फ्रीझरच्या खोलीत एकटी असले
की झाकणाच्या आट्या वाजतात.

यंदा संक्रांतीला सांगून टाकलं.
बाप ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होता.
हात थांबले नाहीत.
"मालूम हाय मले.
तुह्या हनुवटीले भुसा होता."

मग किती तरी शेंगा.

"थर्मास हालवून पाह्यला मी. निस्तं पानी.
फेकाले पाह्यजे होती लस.
पन सारे ढोरं सकायपासून बांधून उभे,
मानसं बी उभे, डाक्तर आला म्हनून..."
वाक्य त्यानं तिथंच ठेवलं.
सूप झटकलं. किडके दाणे वेचून बाजूला केले.

जेवताना विचारलं,
"तुमच्या तिथं किती थंडं ठेवतेत?"
उणे ऐंशी, म्हटलं.
घास हातातच राहिला.
"आन् लाईन गेली त?"
जनरेटर आहे, बाबा.
"आन् थो बी बंद पडला त?"

मग मी जाते, म्हटलं.
मोबाइलवर गजर येतो.
कितीही वाजलेले असोत.