छाट

रात्री झोपायच्या आधी अम्मा पानं भिजवते.
तेंदूची पानं, ओल्या गोणपाटात गुंडाळून
मोरीच्या कट्ट्यावर ठेवते, मग दिवा घालवते.
सकाळी पान मऊ पाहिजे, नाहीतर वळताना फाटतं.
तेवीस वर्षं मी हे बघत आले
आणि डोक्यात काही शिरलं नाही.

मला कॉमिक काढायचं होतं. एकदम दोनशे पानांचं.
नायक खांद्याला सोलापुरी चादर बांधून
मिलच्या चिमणीवरून उडी घेणार होता.
त्याचं नाव ठरलं, मुखपृष्ठ ठरलं,
लोक काय विचारतील आणि मी काय सांगेन, तेही ठरलं.
पान दोन मात्र तीन वर्षं झालं नाही.
शिवाय एप्रिल आला की बेचाळीस डिग्रीत
चादर घेऊन फिरणारा माणूस
मला स्वतःलाच खोटा वाटायचा.

मूड लागला की बसायचे.
मूड लागायचा तेव्हा लाईट जायची,
लाईट यायची तेव्हा नळाला पाणी,
आणि चार दिवसांनी आलेलं पाणी कोण सोडतंय?

मग कधीतरी, नक्की कधी ते आठवत नाही,
अम्माचा पान कापायचा पत्रा उचलला.
कडा झिजून चांदीसारख्या झालेल्या.
कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली: एक चौकट.
सरकवला, पुन्हा फिरवली.
नऊ झाल्या तेव्हा पान भरलं.
त्या तशाच रिकाम्या ठेवून झोपले.

पहाटे पाचला कोऱ्या कागदाची भीती वाटते, खरं सांगते.
आखलेल्या चौकटीची नाही वाटत.
दार उघडंच आहे,
कुणीतरी आत जायला पाहिजे, एवढंच.

पाच ते साडेसहा. पुढं मला गारमेंटमध्ये जायचं असतं,
शाळेच्या युनिफॉर्मच्या कॉलरी, दिवसाला दोनशे.
भिंतीपलीकडं व्यंकटेशमामांचे माग सुरू होतात,
खटाक खट, खटाक खट,
त्या तालावर माझी रेघ लांब टिकते.
धागा तुटून माग थांबला
की माझाही हात उगाच थांबतो.

चादरवाला गेला. आता एक मांजर आहे,
विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये
चेकरच्या टेबलाखाली राहणारं.
कुणाच्या किती विड्या छाट निघाल्या, त्याला सगळं माहीत,
बोलत मात्र नाही, कारण दूध चेकर आणतो.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत सहा दिवस गेले.
सातव्या दिवशी वही उघडायची लाज वाटली.
त्या लाजेत अजून चार.
अम्माला सांगितलं. सुपातून मान वर न काढता म्हणाली,
“काल ऐंशी छाट काढला त्यानं माझ्या.
तरी रात्री पानं भिजू घातलेच की मी.”
आणि दोऱ्याला गाठ मारली.

हात मला अजून जमत नाहीत.
म्हणून रोज एक चौकट तिच्या हातांची.
एकशे चौदा झाल्या.
बोटांच्या टोकांचा तो तंबाखूचा पिवळेपणा
काळ्या शाईत कसा आणायचा, कळलेलं नाही.

परवा तिनं वही मागितली.
चेकर जुडी बघतो तशी बघितली,
अंगठ्यानं एकेक चौकट दाबत,
वाचायचं सोडून मोजत.
एका जागी थांबली.
“ह्याला सहा बोटं आहेत गं. छाट.”
एवढी हसली की सुपातला तंबाखू सांडला.

खोडलं नाही मी ते. असू दे.

रात्री तिनं पानं भिजवली.
मी पत्रा मागितला.
“धुवून ठेव,” म्हणाली,
“तुझी शाई लागते माझ्या पानांना.”