बिल्ला नंबर चव्वेचाळीस-सतरा

बहीण असली तरी काटा काटाच.
कासुबा वखारीत आली तेव्हा
तांब्याचा भाव चढा होता, आणि ती म्हणाली,
मला किलोवर नको, नगावर दे.
नगावर भंगार कोण मागतं?

टवके उडालेल्या एनॅमलच्या थाळ्या तिनं उलटून पाहिल्या,
दिव्यांच्या काचा बाजूला ठेवल्या,
आणि मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
काढत बसली पितळी बिल्ले.
खाणीत उतरताना माणूस आपला बिल्ला फळ्यावर टांगायचा,
वर आला की काढून न्यायचा.
पाळी सुटल्यावरही एखादा फळ्यावर राहिला
तर कान्कोयोतल्या बायका चुलीवरचं उतरवून
त्या घराकडे चालू लागायच्या,
कुणी न सांगता.

बंद खाणीतली कपडे बदलायची ती लांब खोली,
जिथं साखळीला बांधून माणसांचे सदरे
छताला चढायचे,
तिथल्या साखळ्या ती खाली आणणार होती,
डोळ्यांच्या उंचीवर.
प्रत्येकीला एक बिल्ला. अकराशे साखळ्या.
बाबांचा सापडला का रे, तिनं विचारलं.
शोधतो, म्हणालो.

खरं सांगायचं तर
दोन वर्षांपूर्वी तीन पोती ट्रकवर चढवली, न बघता.
पितळेला नंबर नसतो, भाव असतो,
असं मी तेव्हा ऐटीत म्हणायचो.
त्या पैशांत मुलीची फी भरली, छपराचे दोन पत्रे घेतले.
पत्रे सेन्टानं खाल्ले.
(भट्टीच्या धुराला आम्ही सेन्टा म्हणतो,
घरातल्या माणसासारखं, नावानं.)
बाबांचा बिल्ला त्या पोत्यांत होता की नव्हता
हेही मला माहीत नाही.
जास्त लागतं ते हेच.

मग एका रात्री
एक जुना नळ वितळवला,
वाळूत ओतला, भोक पाडलं,
छिन्नीनं ठोकले आकडे: चार, चार, एक, सात.
सात जरा तिरका गेला.
बॅटरीचं पाणी, राख, आठ दिवस मातीत.
नव्याचं जुनं करणं ही माझ्या धंद्यातली विद्या.
कासुबानं बिल्ला हातात घेतला, बराच वेळ घेतला,
आणि स्वतः टांगला.

उद्घाटनाला शाळेची पोरं होती,
एक साहेब होता, तो वारशावर गरजेपेक्षा जास्त बोलला.
आणि बा साम्पा.
तीस वर्षं फळ्यापाशी उभा राहिलेला कारकून,
आता डोळे जवळजवळ गेलेले.
साखळ्यांच्या मधून तो अंगठ्यानं चालत गेला
आणि आकडे नाही, माणसं वाचत गेला:
मुतोन्डो, तीन मुलगे.
काफुला, माझे पैसे बुडवून मेला.
हा खोकायचा. हा गायचा, वाईट गायचा.
मग थांबून चिडला,
बी पाळीची माणसं सी पाळीत कुणी टांगली? भांडतील ना!
कासुबानं तिथल्या तिथं शिडी मागवली,
साहेब घड्याळ बघत राहिला,
आणि चाळीस माणसं आपापल्या पाळीत गेली.

बाबांपाशी अंगठा अडला.
हा कोण?
आमचे वडील, कासुबा म्हणाली.
त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं, नेमकं माझ्याकडे.
ह्याला अजून अंगठा लागलेला नाही, तो म्हणाला.
कडा बघ, कोरी आहे.
मी बुटांकडे बघत होतो.
राहू दे, तो म्हणाला. नंबर बरोबर आहे.

तेव्हापासून वखार बंद केली की मी तिथं जातो.
पहारेकऱ्याची उधारी सोडली, म्हणून तो दार उघडतो.
अंधारात साखळी चाचपतो, कडेवरून अंगठा फिरवतो,
शंभरदा, कधी दोनशेदा.
सोळा आठवडे झाले, अजून बोचते.

काल मागं पावलं वाजली.
कासुबा. काही बोलली नाही.
माझ्या हातातून बिल्ला घेतला, थोडा वेळ तिनं घासला,
मग तळहातावर झेलत म्हणाली,
जड झालाय रे. बाबांचा हलका होता.

किती ग्रॅमनं, मी विचारलं.